तुम्ही गेल्यावर मी येतो: खानदेशातल्या मिस्त्री भाऊंना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यातले समस्त गवंडी मिस्त्री, फरशीवाले आणि घरांचे ठेके घेणारे भाऊ यांस,

सप्रेम राम राम.

आपली ओळख नाही, पण तुमचं काम माझ्या चांगलं ओळखीचं आहे, कारण मी ते फरशीच्या खालून बघितलेलं आहे. तुम्ही घर उभं करता, वास्तुशांतीला टॉवेल-टोपी घेता, पंगतीत मालक आग्रहानं तुमच्या ताटात तूप वाढतो आणि तुम्ही पुढच्या साइटवर जाता. मग कधी सहा महिन्यांनी, कधी चार वर्षांनी माझा फोन वाजतो. "भाऊ, मोरी तुंबली. आज येऊन जा, घरात पाहुणे आहेत." तुंबलेल्या घरात पाहुणे असतातच, हा माझा अनुभव आहे.

मी अमळनेरचा. आयटीआयला प्लंबरचा एका वर्षाचा ट्रेड केला, जळगावला एका उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं पाने उचलले, आणि आता सव्वीस वर्षं झाली, अमळनेर, पारोळा, धरणगाव, कधी धुळ्यापर्यंत कामं करतो. नव्या घराची फिटिंग थोडी, तुंबलेलं उघडणं जास्त. गावात मला नावानं कोणी हाक मारत नाही, "मोरीवाले भाऊ" म्हणतात. राग नाही. त्याच मोरीवर माझी दोन पोरं शिकली. म्हणूनच हे पत्र लिहायला इतकी वर्षं लागली. तुम्ही माझं ऐकलंत तर माझा धंदा निम्म्यावर येईल, हे मला कळतं.

तरी लिहितोय, कारण एक गोष्ट आता बघवत नाही. फोन बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचा येतो. मी पोचतो तेव्हा मोरीपाशी बाई उभी असते. मी पिशवी खाली ठेवायच्या आत ती जबानी द्यायला लागते: भाऊ, मी जाळी लावते हो, खरकटं डब्यात टाकते, चहाची पत्ती कुंडीत टाकते. मी काही विचारलेलंही नसतं. माझ्या आधी घरात सगळ्यांनी विचारून झालेलं असतं. सासूनं, नवऱ्यानं, मोबाइलमधून डोकं वर काढून पोरानंसुद्धा. "काय टाकलंस?" आणि मी जेव्हा फरशी फोडतो, तेव्हा खाली सापडता तुम्ही.

एका घराचं सांगतो. डिसेंबरात भरिताची हिरवी वांगी बाजारात आली की माझाही सीझन सुरू होतो. पूर्वी शेतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, हात विहिरीवर धुवायचे, आणि साल-बिल तिथंच मातीत जायचं. आता भरीत पार्टी गच्चीवर होते आणि भांडी सिंकमध्ये येतात. पन्नास माणसांच्या भरिताच्या पातेल्याला किती तेल राहतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही त्या पार्ट्या खाल्ल्या आहेत.

तर पार्टीच्या दुसऱ्या दिवशी त्या घरी गेलो. घरातले नाना रिटायर माणूस, झोक्यावर बसलेले. मी चप्पल काढतोय तोवर त्यांनी निकाल दिला, "आमच्या सूनबाईंना जाळी उचलून खरकटं ढकलायची सवय आहे." वहिनी ओट्याशी उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मी सिंकखाली बादली लावली, सिंकखालच्या बाटलीसारख्या बॉटल ट्रॅपची वाटी हातानं फिरवून काढली. आत वांग्याची काळी साल, थोडे शेंगदाणे, भाताची दोन-चार शितं, एक काळा मणी. सगळं मिळून मूठभर. नाना म्हणाले, "बघा." मी ट्रॅप धुतला, परत बसवला, नळ सोडला. वीस मोजेपर्यंत पाणी छान खाली गेलं आणि मग गुळगुळ करत वर आलं. म्हणजे गुन्हेगार ट्रॅपमध्ये नव्हताच. पाइप उघडायची लांब तारेची स्प्रिंग घातली. अकरा फुटांवर अडकली आणि बाहेर काढली तर टोकाला मेणबत्तीसारखा पिवळा-पांढरा गठ्ठा.

मी विचारलं, चेंबर कुठं आहे? नाना म्हणाले, मिस्त्रीनं केलंय ना, असेलच कुठंतरी.

हे "कुठंतरी" मी आजवर शेकडो घरांत ऐकलं असेल. हातोडीचा दांडा घेऊन पोर्चची एकेक फरशी ठोकत गेलो. टक्, टक्, टक्, आणि झोक्याच्या बरोबर खाली आल्यावर ढब्. नानांना झोक्यावरून उठवलं. दोन बाय दोनच्या दोन फरश्या कापाव्या लागल्या. तशा डिझाइनचा माल आता दुकानात मिळत नाही, हे नानांनी मला तीन वेळा सांगितलं. फरशीखाली तुटका ढापा निघाला, ढाप्याखाली चेंबर. चेंबरमध्ये विटांचे रोडे, वाळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे गोळे, पाइपाच्या तोंडात कोंबलेलं सिमेंटच्या गोणीचं अर्धं कुजलेलं गोणपाट, आणि एक थापी. लाकडी मूठ, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला.

गोणपाट कशासाठी, हे मला माहीत आहे. काम चालू असताना पाइपात मसाला पडू नये म्हणून तुम्हीच बोळा लावता. शहाणपणाचंच काम आहे. तो काढायचा असतो, एवढंच. ते घर नऊ वर्षांचं होतं. नऊ वर्षं त्या घरातली भांडी गोणपाटातून गाळून घासली गेली.

बोळा काढला तरी माझं समाधान होईना, म्हणून लेव्हलची नळी काढली. तीच तुमची पारदर्शक नळी, पाणी भरून दोन्ही टोकं धरायची. सिंकच्या तोंडापासून चेंबरपर्यंत बावीस फूट पाइप. दहा फुटाला तीन इंच ढाळ, म्हणजे उतार, धरला तर बावीस फुटाला साडेसहा इंच हवा. निघाला उलटा अर्धा इंच. म्हणजे चेंबरकडचं टोक वर. मधे दोन ठिकाणी नव्वदचे एल्बो. भाऊ, पाणी चढावर कसं जाणार? ते पाइपात झोपून राहतं, आणि त्याच्यासोबत तेलही झोपतं.

नानांना नळी दाखवली. ते बराच वेळ दोन्ही टोकांकडे बघत राहिले. वहिनी चेंबरपाशी आल्या, आत डोकावल्या, "नऊ वर्षं" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. चहा आला तेव्हा नानांनी कप घेतला, सुनेकडे बघितलं नाही. माफी-बिफी कोणी मागितली नाही. आपल्याकडे मागत नाहीत.

तेलाबद्दल आमच्या गावाला कोणी शिकवायची गरज नाही. आजची ती मोठी विप्रो कंपनी १९४५ साली अमळनेरात वनस्पती तूप बनवायलाच निघाली होती. पातळ तेलाचं घट्ट तूप झालेलं आमच्या आज्यांनी डब्यात पाहिलं आहे. शेवभाजीची तर्री, वरण-बट्टीचं तूप, भरिताचं तेल, सगळं गरम असताना पाण्यासारखं वाहतं आणि जमिनीखालच्या गार पाइपात चार-सहा फूट गेलं की बाजूला चिकटून बसतं. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका होतो, चिकट गाळासारखा. तो साका आणि तेल एकत्र आलं की पाइपाच्या आत दुसरा पाइप तयार होतो, दर वर्षी थोडा अरुंद.

आणखी एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना कळणार नाही. खानदेशातल्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही. पाण्याच्या पाळीच्या मधल्या दिवसांत बाया तांब्या-तांब्यानं पाणी वापरतात. पाइपाला जोराचं पाणी मिळतच नाही, सगळं जागच्या जागी सुकतं. मग नळ आला की सकाळी चारला उठून धुणं, भांडी, ओटा, अंगण, ड्रम धुणं, सगळं एका दमात. कोरड्या गळ्यात एकदम घागर ओतल्यासारखं. अशा गावात ढाळ उलट जास्त काटेकोर पाहिजे, आणि तुम्ही तो नजरेनं काढता!

आता माझ्या घराचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा दुसऱ्याच्या घरांवर बोट ठेवतोय.

मी माझं घर बांधलं तेव्हा सगळी पाइप लाइन स्वतः टाकली, फक्त मागच्या मोरीची राहिली होती. त्या दिवशी मी शिरपूरला एका कामावर होतो. मिस्त्री ओळखीचा, फरशीवाला दारात उभा. मिस्त्री म्हणाला, भाऊ तुम्ही जा, एवढा दहा-बारा फुटाचा तुकडा आम्ही टाकून घेतो. मीही म्हणालो, टाका. संध्याकाळी आलो तर फरशी बसलेली, वर सिमेंटचं पाणी फिरवलेलं. मी काही बघितलं नाही. मीसुद्धा!

तिसऱ्या वर्षी श्रावणात घरी कानबाई, आपल्या खानदेशच्या देवीचा सण. भाऊबंदकी जमलेली, सुरतेचे चुलते आलेले, रोटाचं दळण, पुरण, खीर, तीस-पस्तीस माणसांची भांडी मागच्या मोरीत. रविवारी संध्याकाळी आईचा आवाज आला, "पानी उतरी नही राह्यनं रे!" मी जागरणाच्या तयारीत होतो. आई बायकोला विचारत होती, "काय टाकं व तू मोरीमा?" आणि मी, ज्यानं तोवर पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या फरश्या फोडल्या होत्या, मी चुलत्यांसमोर बायकोला म्हणालो, "भात लोटला असशील."

ती काही बोलली नाही. परातीनं पाणी उपसून अंगणात टाकत राहिली, रात्री अकरापर्यंत. मंगळवारी सगळे गेल्यावर मी मोरी फोडली. पाइपाच्या सॉकेटमध्ये रबर रिंगच नव्हती, जोड खाली बसला होता, पाइपाला मधोमध पोट आलं होतं. त्या पोटात बोटभर जाडीचा चिखल. भाताचं शीत एकही नाही. मी फोडत होतो तेव्हा बायको शेजारी येऊन उभी राहिली, आत बघितलं आणि म्हणाली, "दाखवा ना भात."

ते अजून ऐकू येतं. हे पत्र खरं म्हणजे त्या वाक्याचं उत्तर आहे.

पोट का आलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असायला पाहिजे. आपली तापीकाठची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती माती घराखालीही तीच असते. पाया घेताना तुम्ही काळी माती काढता, मुरूम भरता, घट्ट धुमस करता, पायाच्या बाबतीत तुम्ही कधी कसूर करत नाही. मग अंगणातला पाइप नुसता चर मारून काळ्या मातीवर का निजवता? त्याच्याखाली चार इंच वाळू किंवा बारीक मुरूम टाकून ठोकायला एक मजूर आणि अर्धा दिवस लागतो. दोन पावसाळ्यांत नुसत्या मातीवरचा पाइप कुठं उचलला जातो, कुठं बसतो, जोड उघडतो, आणि उघड्या जोडात अंगणातल्या कडुलिंबाची मुळी शिरते. एकदा मी धरणगावला पाइपातून हातभर लांब मुळ्यांचा झुपका ओढून काढला, अगदी बाईच्या वेणीसारखा. घरमालक म्हणाला झाड तोडतो. मी म्हटलं झाड कशाला, जोड नीट करा. त्या उन्हाळ्यात सावली दुसरी नव्हती त्या घराला.

तुमच्याकडे मागणं फार नाही. दहा फुटाला तीन इंच हे डोक्यात ठेवा आणि नळीनं मोजा, नजरेनं नको. नव्वदचा एल्बो जमिनीखाली घालू नका, पंचेचाळीसचे दोन घाला, पाणी वळणावर आपटत नाही आणि माझी स्प्रिंगही जाते. वळण आलं की तिथं चेंबर हवं. उभ्या पाइपाच्या तळाला दरवाजा असलेला बेंड बसवा, त्याचे नटबोल्ट भिंतीकडे तोंड करून नको, माणसाचा हात जाईल असे. पावसाचं पाणी सांडपाण्याच्या पाइपात सोडू नका.

फरशी बसवायच्या आधी एक काम करा, ह्याला पैसा लागत नाही. एक बादली पाण्यात चमचाभर हळद घाला आणि मोरीत ओता. चेंबरपाशी उभे राहा. पिवळं पाणी एका लोंढ्यात आलं पाहिजे. तुटक तुटक आलं, किंवा निम्मं मागंच राहिलं, तर फरशीवाल्याला दुसऱ्या दिवशी बोलवा. तो कुरकुर करेल. करू द्या. आणि मालकिणीला त्या वेळी तिथं बोलवा. नुसत्या मालकाला नव्हे. पुढची तीस वर्षं त्या मोरीशी तिचा संबंध आहे.

चर बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, पाइपाशेजारी टेप पसरून. भिंतीपासून किती फुटावर पाइप, चेंबर कुठं. तो फोटो घरमालकाला पाठवून द्या. माझे निम्मे कष्ट त्या एका फोटोनं वाचतात आणि मालकाची फरशीही.

चेंबरच्या ढाप्यावरून फरशी ओढू नका. मला माहीत आहे, मालकालाच तो ढापा दिसायला नको असतो. वास्तूत चेंबर दिसलं की अपशकुन झाल्यासारखं तोंड करतात. त्यांना सांगा, फ्रेमवाला ढापा मिळतो, वरून तीच फरशी चिकटवता येते, फक्त उचलायला दोन कड्या राहतात. तरी नाहीच ऐकलं तर निदान तेवढ्या एका फरशीला सिमेंट मारू नका, वाळूवर ठेवा आणि तसं सांगून जा.

मधेच एक आठवलं. उन्हाळ्यात लोक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जातात, आठ-पंधरा दिवसांनी परत येतात आणि मला फोन करतात, घरात गटाराचा वास येतोय, तुंबलंय वाटतं. तुंबलेलं काही नसतं. बाथरूमच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो त्यात दोन इंच पाणी थांबलेलं असतं, तेच पाणी गटाराचा वास अडवून धरतं. आपल्या पंचेचाळीस डिग्रीत ते सुकून जातं. दोन तांबे पाणी ओता, वास गेला. गावी जाताना वरून चमचाभर गोडेतेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही. एवढ्यासाठी मी कोणाकडून पैसे घेत नाही. पण तुमच्यातले काही जण तो ट्रॅपच बसवत नाहीत, नुसती जाळी पाइपावर ठेवून मोकळे होतात. त्या घरात बारा महिने वास, आणि पुन्हा बोलणी खाणार ती बाईच, की बाथरूम नीट धूत नाही.

ह्या सगळ्यातून जे पुढं होतं ते जास्त वाईट आहे. मोरी दर महिन्याला तुंबते, दर महिन्याला मला पैसे द्यायला परवडत नाही, मग घरात पावडर येते, ॲसिड येतं. कॉस्टिक सोड्याची पावडर पाण्यात पडली की उकळते. थोडी टाकून भरपूर पाण्यानं ढकलली तर ठीक. पण ज्या पाइपात पाणी पुढं जातच नाही तिथं पुडाच्या पुडा ओतला, की ती तेलाशी मिळून साबण होते आणि दगडासारखी बसते. माझ्या डाव्या मनगटावर पांढरा डाग आहे. पारोळ्याला एका जिभाऊंनी पावडर टाकल्याचं सांगितलं नाही, मी रबरी पंप मारला, आणि सगळं वर उसळलं. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून आज हे पत्र लिहितोय. दुसऱ्या एका घरी आजींनी आधी ॲसिड ओतलं, वास मारायला वरून ब्लीचिंग पावडर टाकली. त्यातून क्लोरीन निघतो. आजी दारापर्यंत खोकत आल्या, तिथं बसल्या. पोरानं वेळेवर उचललं. तेव्हा कोणाच्या घरी विचारलं तर एवढं सांगा: आधी जाळी आणि ट्रॅप उघडून धुवा, मग सिंकचं दुसरं भोक ओल्या फडक्यानं दाबून रबरी पंप मारा, नाही जमलं तर माणूस बोलवा, आणि काय ओतलं असेल ते त्याला आधी सांगा. खळखळ उकळतं पाणीही पीव्हीसी पाइपात नको, पाइप मऊ पडून वाकतो.

टाकीबद्दल लिहिताना हात थांबतो. आपल्याकडे बहुतेक वस्त्यांत भुयारी गटार नाही, घरोघरी सेप्टिक टाकी. टाकीही तुम्हीच बांधता. टाकीचं तोंड छोटं ठेवता, कधी त्याच्यावर जिना चढवता. मग ती भरली, पाइप मागं तुंबला, की कोणीतरी म्हणतं, एक पोरगा आत उतरवू. एका साइटवर ठेकेदारानं माझ्यासमोर दोन पोरांना शर्ट काढायला लावले होते. माचिस पेटवून बघ म्हणाला, वायू असेल तर कळेल! मी ती माचिस हिसकावून घेतली. त्या टाकीत जळणारा वायूही असतो आणि कुजक्या अंड्याच्या वासाचाही. तो दुसरा जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं आता ठीक आहे. दोन श्वासांत खाली पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्यानं असं माणूस उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तीस लाख द्या म्हणून सांगितलं. पण तिथवर यायचंच कशाला? मैलागाडीची नळी जाईल असं तोंड ठेवा, दोन्ही कप्प्यांवर उघडणारे ढापे ठेवा, वायूचा पाइप छताच्या वर न्या. त्या दिवशी ठेकेदारानं मला शिव्या दिल्या, गाडी संध्याकाळी आली, काम पाऊण तासात झालं.

तुमची बाजूही मला माहीत आहे. मालक ब्रासचे नळ घेताना हात आखडत नाही आणि जमिनीखालच्या पाइपाला म्हणतो हलका चालेल. ठेका चौरस फुटावर असतो, चराला वेगळा दर नाही. प्लंबर आज येतो म्हणून चार दिवस येत नाही, आणि आमच्यातलेही कमी नाहीत, रिंगा घरी नेणारे मी पाहिले आहेत. मिस्त्री म्हणतो पाइप प्लंबरचं काम, प्लंबर म्हणतो ढाळ मिस्त्रीचं काम, फरशीवाला म्हणतो मला वरचं दिसतं. तिघंही खरं बोलतात आणि पाइप उलटा बसतो.

पण भाऊ, उतारानं पाणी न्यायचं आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला पाहिजे का? धुळ्याच्या पांझरा नदीवरचे फडांचे, म्हणजे गावानं मिळून शेतं भिजवायचे, बंधारे शेकडो वर्षांपासून आहेत. पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या ढाळावर कोसभर लांब पाटाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत जायचं. हंगामाच्या आधी सगळे खातेदार मिळून पाट साफ करायचे, आणि पाटकरी गाळ कुठं बसतो ते तोंडपाठ सांगायचा. थोर इंजिनिअर विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा सुरुवातीच्याच दिवसांत त्यांना धुळ्याकडे पाठवलं होतं, पांझरेच्या एका पाटावर पाइपाचा सायफन बांधायला. सायफन म्हणजे काय, खाली वाकून पुन्हा वर येणारा पाइप. आपला नहाणी ट्रॅप त्याचाच धाकटा भाऊ. त्या कामात नदीच्या वाळूनं आणि पावसानं त्यांना फार छळलं. तेवीस वर्षांचा पोरगा होता, शिकला. मी धुळ्याला गेलो की पुलावर गाडी थांबवून पाण्याकडे बघतो. बायको म्हणते, इथंही मोरीच बघता का.

शेवटी एक काम. नानांच्या चेंबरमधून निघालेली थापी मी आणली आहे. चिखल धुऊन, पात्याला तेल लावून दुकानात खुंटीला टांगली आहे. लोखंड चांगलं आहे, नऊ वर्षं सांडपाण्यात राहूनही पातं शाबूत, मुठीचा लाल दोराही तसाच. ज्याची असेल त्यानं येऊन घेऊन जावी. घर कुठलं ते सांगितलं की पुरे, बाकी काही विचारणार नाही. चहा पाजीन. येताना लेव्हलची नळी असेल तर आणा, माझी फाटत आली आहे.

आपला,
तुमच्यामागून येणारा एक प्लंबर
अमळनेर, जि. जळगाव